मावशीनं बुडवलेलं गलबत

माझी मावशी काय काम करते हे सांगितलं की लोक हमखास पुन्हा विचारतात. ती तंबू शिवते. नुसते तंबू नाहीत. ट्रकवरच्या ताडपत्र्या, दुकानांपुढची छतं, होड्यांची शिडं, जे जे जाड कापडाचं असतं आणि ज्याला वाऱ्यापावसात टिकावं लागतं ते सगळं. एकोणिसाव्या वर्षी ती त्या कारखान्यात लागली आणि अजून तिथेच आहे. कारखाना म्हणजे एक लांबलचक शेड. मधोमध कापड कापायचं टेबल, एवढं लांब की या टोकाचं माणूस त्या टोकाच्या माणसाशी ओरडूनच बोलतं. दोन्ही बाजूंना बारा मशिनं आणि सगळीकडे मेणाचा वास, कारण जाड कापडाची शिवण मेण लावलेल्या दोऱ्यानं घालतात. जिथे मशीन पोचत नाही तिथे हातशिलाई. त्यासाठी तळहातावर चामड्याचा पट्टा बांधायचा आणि बोटाएवढी सुई त्या पट्ट्यानं रेटायची. मावशीच्या उजव्या तळहाताला त्यामुळे एक घट्टा आहे. लहानपणी मी त्याच्यावर नख मारून बघायचे, तिला काही लागायचं नाही.

कारखान्यात तिला 'मोजपट्टी' म्हणतात. कापडाकडे नुसतं बघून ती लांबी सांगते आणि वीतभरही चुकत नाही. काका तिला बघायला आले होते तेव्हा आतल्या खोलीत येऊन ती माझ्या आईच्या कानात म्हणाली होती, "पाच फूट सात इंच सांगतायत. साडेपाचच्या वर नाहीत." लग्न मात्र केलं. काका घड्याळं दुरुस्त करतात. घरातच खिडकीशी त्यांचं छोटं टेबल आहे, डोळ्याला भिंग लावून दिवसभर बसलेले असतात. दोघांना मूलबाळ नाही. माझं शाळेच्या कचेरीत टायपिंगचं काम, घर त्यांच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे, त्यामुळे माझा निम्मा मुक्काम तिथेच.

मावशी एक्कावन्न वर्षांची होती तेव्हा कारखान्यात एका सिनेमा कंपनीची ऑर्डर आली. सिनेमा क्रूसेडच्या काळातला. म्हणजे आठ-नऊशे वर्षांपूर्वी युरोपातले ख्रिस्ती राजे जेरुसलेमसाठी पूर्वेकडच्या मुसलमान राज्यांवर चालून गेले, त्या युद्धांचा काळ. चौदा तंबू हवे होते, गोल, मधल्या एका खांबावर उभे राहणारे, वरून टोपीसारखे निमुळते. कंपनीचा माणूस जुन्या चित्रांचे कागद घेऊन आला. चित्रांत चिलखतं घातलेले सरदार होते, निशाणं होती, घोडे होते आणि मागे हे तंबू.

मावशीनं ते कागद बराच वेळ न्याहाळले आणि विचारलं, "हे शिवले कुणी?"

"कुणी म्हणजे? असतील कुणीतरी," तो माणूस म्हणाला. "तेवढं काही कुणी लिहून ठेवत नाही, ताई."

तिनं चौदा तंबू शिवून दिले. पण ते उत्तर तिच्या डोक्यात जाऊन बसलं. घरी आली की तेच. "हजारो माणसं दोन-दोन वर्षं परमुलखात कापडाखाली झोपली. ते कापड कुणी शिवलं, फाटलं तेव्हा कुणी सांधलं, कुणाला पत्ता नाही. राजाच्या घोड्याचं नाव मात्र सगळ्यांना ठाऊक!"

काका भिंगातून डोळा न काढता म्हणाले, "मग तू लिही."

त्यांनी विषय संपावा म्हणून म्हटलं होतं. तिनं मनावर घेतलं.

मावशी दहावीपर्यंत शिकलेली. पण वाचनालयात जाऊन तिनं त्या युद्धांवरची मिळतील तेवढी पुस्तकं वाचली. वाचता वाचता वैतागायची, कारण वेढा घातलेल्या छावणीत पावसाळी दिवसांत काय होत असेल याबद्दल कुठे चार ओळी नसत. ते तिनं स्वतःच्या अनुभवानं भरून काढलं. ओल्या कापडाला कसा वास येतो, मध्ये पाणी साचून तंबूला पोट कसं सुटतं, उंदीर दोर कुठून कुरतडतात, थंडीत मेण कडक झालं की सुई कशी मोडते, हे सगळं तिच्या बोटांत होतं. रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर लांब रजिस्टर उघडून ती पेन्सिलीनं लिहायची. समोर काका घड्याळं उघडून बसलेले. अशी सहा वर्षं गेली. मी ते रजिस्टर घरी नेऊन टाइप करायचे. सुरुवातीला मावशीचं मन राखायला म्हणून केलं. तिसऱ्या रजिस्टरापासून मात्र मीच मागे लागायला लागले, की पुढचं कधी देतेस.

कादंबरीचं नाव 'खाऱ्या वाऱ्याची छावणी'. थंड मुलखातला एक तंबू शिवणारा आपल्या गावच्या लाल दाढीच्या सरदाराबरोबर जबरदस्तीनं मोहिमेवर जातो. समुद्रकाठच्या एका बंदराला वेढा पडतो. एका चकमकीत तो शत्रूच्या हाती सापडतो, आणि त्याची मान उडवण्याआधी कुणीतरी त्याच्या तळहाताचा घट्टा बघतं. शिवणाऱ्याची गरज त्यांनाही असतेच. तिथे त्याची एका खोकणाऱ्या म्हाताऱ्या हकिमाशी दोस्ती होते आणि खेचरं हाकणाऱ्या एका तोंडाळ बाईशीही. दोन्ही बाजूंच्या छावण्या आतून बघितलेला तो एकटा माणूस, त्यामुळे दोन्हीकडचे त्याच्यावर संशय घेतात. शेवटी तो, हकीम, ती बाई आणि तिचं एक लाडकं खेचर जुन्या गलबतातून पळ काढतात. गलबताला शीड नसतं. ते तो एका फाटक्या तंबूतून शिवतो.

गलबत समुद्रात शिरलं आणि मावशीला काखेत गाठ लागली.

कापडाचा तागा उचलताना दुखलं म्हणून तिनं हात लावून बघितलं. दवाखान्यात तपासणाऱ्या बाईंनी मोठ्या इस्पितळात पाठवलं. तिथे गाठीचा तुकडा काढून घेतला आणि सांगितलं, दहा दिवसांनी या. दहा दिवसांनी म्हणाले, नमुना दुसऱ्या प्रयोगशाळेत पाठवलाय, आणखी आठ दिवस लागतील. अशा वेळी माणसाच्या मनात काय येतं ते सांगायला नको. आमच्या आजीला अशीच गाठ झाली होती आणि ती त्यातून उठली नाही.

मावशीनं काकांना पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. "लपवाछपवी मला जमत नाही. गाठ आहे. कसली ते माहीत नाही." काकांनी ऐकून घेतलं. मग त्यांनी स्वतःचं मनगटी घड्याळ उघडलं. काही बिघडलेलं नव्हतं. सगळे भाग पांढऱ्या कापडावर मांडले, पुसले आणि परत बसवायला घेतले, तर शेवटचा स्क्रू काही केल्या बसेना. चाळीस वर्षं दुसऱ्यांची घड्याळं बसवणारा माणूस, पण त्यांचं घड्याळ अठरा दिवस तसंच उघडं पडून होतं.

मावशीनं रजा घेतली आणि लिहायला बसली. आधी तिच्या डोक्यात अजून दोन-तीन रजिस्टरं भरतील एवढी गोष्ट शिल्लक होती. एका बेटावर मुक्काम होता, लाल दाढीवाल्याचा पाठलाग होता. ते सगळं तिनं बाजूला सारलं. मी म्हटलं, "मावशी, एवढी घाई कशाला?"

"अर्धवट राहिलं तर कुणीतरी दुसरं पुरं करेल. मला नाही चालणार. दुसऱ्याचा हात लागलेला मला टाक्यावरून कळतो."

"तोपर्यंत तुला कळायचं काय राहणार आहे?" माझ्या तोंडून निघून गेलं, आणि मी जीभ चावली. मावशी मात्र खळखळून हसली. त्या दिवसांतलं तिचं तेवढंच हसणं मला आठवतं.

नवव्या दिवशी तिनं रजिस्टर माझ्या हातात दिलं. शेवटचं प्रकरण सगळं साडेतीन पानांचं. वादळ येतं, शिडाची शिवण उसवते, शीड फाटतं, गलबत कलंडतं आणि सगळे बुडतात. तंबूवाला, हकीम, ती बाई. मी तिच्या स्वयंपाकघरात उभ्या उभ्या वाचलं.

"मावशी, खेचरसुद्धा?"

"समुद्रात खेचर काय करणार?"

"पोहता येतं त्यांना."

"वादळात नाही येत. टाइप कर आणि पाठवून दे."

एका प्रकाशकाचा पत्ता तिनं वाचनालयातल्या पुस्तकावरून उतरवून ठेवला होता. मी टाइप केलं. टाइप करताना मला रडू येत होतं, आणि ते खेचरासाठी नव्हतं. दुसऱ्या दिवशी पोस्टात जाऊन गठ्ठा पाठवला, पोच घेतली आणि तिला आणून दाखवली. तिनं ती फळीवरच्या डब्याखाली ठेवली.

अहवाल मिळायच्या दिवशी आम्ही तिघं इस्पितळात गेलो. दुसऱ्या मजल्यावर लांब बाकं, भिंतीला निम्म्यापर्यंत हिरवा रंग, आणि दर पाच मिनिटांनी दार उघडून नाव पुकारणारी नर्स. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि एक बटण चुकीच्या काजात लावलं होतं. आमच्यापैकी कुणीच त्यांना सांगितलं नाही. नाव पुकारल्यावर तिघंही एकदम आत शिरलो. तिथे खुर्च्या दोनच होत्या, मी उभी राहिले.

डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांनी कागद वाचला, पान उलटलं, परत पहिल्या पानावर आल्या. तेवढ्या वेळात मी त्यांच्या टेबलावरच्या सगळ्या पेन्सिली मोजल्या.

"गाठ साधी आहे," त्या म्हणाल्या. "काळजीचं काही कारण नाही. वर्षातून एकदा दाखवून जात जा."

"साधी म्हणजे नक्की काय?" मावशीनं विचारलं.

"म्हणजे कॅन्सर नाही."

"हे जरा परत सांगता? यांना डाव्या कानानं कमी ऐकू येतं."

काकांचे दोन्ही कान ठणठणीत आहेत. पण डॉक्टरबाईंनी काकांकडे वाकून, मोठ्यानं आणि सावकाश सांगितलं, "कॅन्सर नाही." काकांनीही ऐकू न येणाऱ्या माणसासारखी मान डोलावली.

बाहेर येऊन आम्ही बाकावर बसलो. काका चहा आणतो म्हणून गेले आणि चार कप घेऊन आले. चौथा कुणासाठी, ते त्यांनाही सांगता येईना. तो शेजारी बसलेल्या एका अनोळखी बाईला दिला. चहा घशाखाली उतरला तसं मला कळलं की गेले अठरा दिवस मी खांदे वर ओढूनच वावरत होते. काका हळूच आपलं बटण सोडून नीट लावायला लागले.

तेवढ्यात मावशी ताडकन उठून उभी राहिली.

"अगं, मी सगळ्यांना बुडवून टाकलं की!"

चहाचा कप घेतलेली ती बाई दचकून आमच्याकडे बघायला लागली.

"म्हाताऱ्याला मारलं, त्या बिचारीला मारलं! आणि तू ते पाठवूनसुद्धा दिलंस?"

"तूच म्हणालीस पाठव म्हणून!"

"मी म्हणाले तेव्हा मी मरत होते!" मावशी म्हणाली, आणि तिला असं हसू फुटलं की नर्स दार उघडून बघायला आली. मग मलाही आवरेना, आणि काका तर डोळे पुसत पुसत हसत होते. त्या अनोळखी बाईला मी थोडक्यात सगळं सांगितलं, नाहीतर तिनं पोलिसांना बोलावलं असतं.

त्याच आठवड्यात प्रकाशकाचा फोन आला. कादंबरी आवडली, छापायची आहे. "आणि शेवट तर काय सांगू! अंगावर काटा आला. त्याला अजिबात हात लावू नका."

फोन ठेवून मावशी माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "चल, त्यांना भेटून येऊ."

प्रकाशकांची कचेरी वह्या-पेनांच्या दुकानावर एका खोलीत होती. पुस्तकांच्या गठ्ठ्यांमधून एक माणूस जाईल एवढीच वाट. प्रकाशक किडकिडीत, मृदू बोलणारे गृहस्थ. त्यांनी मावशीला खुर्ची दिली आणि आधी मनापासून कौतुक केलं. "तुमच्या लढाया साध्या आहेत, खरं सांगतो. पण छावणी! मी आजवर वाचली नव्हती अशी छावणी. मला दोन रात्री ओल्या कापडाचा वास येत होता."

"शेवट बदलायचाय," मावशी म्हणाली.

"का पण? एवढा धक्का देणारा शेवट आहे. सुखाचा शेवट काय, कुणीही करतं."

"सुखाचा-दुःखाचा प्रश्नच नाही. तो खोटा आहे."

"कादंबरी आहे, ताई. खोटं असायचंच."

मावशीनं हस्तलिखिताचं शेवटचं पान काढून त्यांच्यासमोर ठेवलं आणि एका ओळीवर बोट टेकवलं. "इथे वाचा. शिडाची शिवण उसवली, असं मी लिहिलंय. आता मागे जा, त्यानं ते शीड शिवलं ते प्रकरण काढा. तीन पदर, दुहेरी टीप, मेणाचा दोरा. अठ्ठावीस पानं मी त्या शिवणीवर घातलीत. अशी शिवण वाऱ्यानं उसवत नाही. डोलकाठी मोडेल, कापड मधूनच फाटेल, पण शिवण राहील. मी अडतीस वर्षं हेच काम करतेय. जो माणूस छावणीतला सर्वांत चांगला शिवणारा, त्याची शिवण मी शेवटच्या पानावर उसवली, कारण मला लवकर संपवायचं होतं. उद्या माझ्या कारखान्यातल्या कुणी वाचलं तर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

प्रकाशकांनी खरोखरच ते मागचं प्रकरण काढलं. चष्मा कपाळावर ढकलून वाचलं, मग शेवटचं पान वाचलं, परत मागचं वाचलं. खाली दुकानात कुणीतरी वह्यांचा भाव करत होतं.

"लवकर का संपवायचं होतं?" त्यांनी विचारलं.

मावशीनं सांगितलं. आडपडदा न ठेवता, मोजून पाच-सहा वाक्यांत.

प्रकाशकांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला. मग हस्तलिखित बंद करून त्यांनी तिच्याकडे सरकवलं. "तीन महिने देतो. बेटावरचा मुक्काम, पाठलाग, तुमच्या डोक्यात जे असेल ते सगळं लिहा. फक्त कुणालाही केवळ मला बरं वाटावं म्हणून मारू नका."

जिना उतरताना मावशी कठड्याला धरून मध्येच थांबली. मला वाटलं, चक्कर आली. ती म्हणाली, "बेटावर गोड्या पाण्याचा झरा ठेवायला पाहिजे. नाहीतर खेचराचं काय?"

तिनं तीनाऐवजी चार महिने घेतले. वादळ आताही येतं, पण ते बावीस पानं चालतं आणि त्यात गलबत कसंबसं तरतं. डोलकाठी मोडते. शीड खाली येतं, पण अखंड येतं, आणि त्याच शिडाखाली चौघं तीन दिवस काढतात. हकिमाला मारायचा तिचा विचार होता, पण ऐनवेळी हात धजावला नाही. "राहू दे म्हातारा," ती म्हणाली, "खोकला मात्र बरा करणार नाही." लाल दाढीचा सरदार पाठलाग करताना खडकावर आपटून बुडतो. त्याच्याबद्दल तिला अजिबात वाईट वाटलेलं नाही.

या वेळी मी टाइप करत होते तेव्हा काका माझ्या घरी येऊन पाठीशी उभे राहून वाचायचे. "काय, पोचले का किनाऱ्याला?" असं रोज विचारायचे. स्वतःचं घड्याळ त्यांनी इस्पितळातून आल्या दिवशीच जोडलं होतं. स्क्रू पहिल्या झटक्यात बसला म्हणे.

पुस्तक आलं. मुखपृष्ठावरच्या तंबूचे दोर चुकीच्या बाजूला ताणलेले होते, त्यावरून मावशीनं चित्रकाराला दोन पानी पत्र लिहिलं. वर्तमानपत्रात एक बरं परीक्षण छापून आलं. खप म्हणाल तर जेमतेम, पण प्रकाशक नाराज नाहीत आणि वाचनालयात त्यासाठी नंबर लावावा लागतो. वर्षभरानं ती इस्पितळात दाखवून आली, सगळं ठीक होतं. डॉक्टरबाईंना तिनं एक प्रत दिली. त्यांनी काकांकडे वाकून मोठ्यानं विचारलं, "कसे आहात?" आणि काकांनी कानामागे हात धरून उत्तर दिलं.

कारखान्यात मात्र वेगळीच मजा झाली. तिथे बऱ्याच जणींना वाचायचा कंटाळा, म्हणून जेवणाच्या सुट्टीत एकीनं मोठ्यानं वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं असं ठरलं. रोज एक प्रकरण. मावशी लाजून शेडच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसायची, पण कान इकडेच. वादळाच्या प्रकरणाच्या दिवशी मी मुद्दाम अर्धी रजा टाकून गेले होते. मशिनं बंद होती. सगळ्या जणी कापायच्या टेबलाभोवती बसल्या होत्या, डबे समोर, पण झाकणं बंद. डोलकाठी मोडली तेव्हा कुणीतरी "आई गं" म्हणालं. मालक हिशेबाच्या खोलीतून बाहेर येऊन दाराशी उभे राहिले. त्यांना वाटलं असेल, एवढं सामसूम का.

शीड खाली आलं. वाचणारी दम घ्यायला थांबली.

"शिवण?" कोपऱ्यातल्या सर्वांत जुन्या कारागीरबाईंनी विचारलं. "शिवण राहिली का?"

"राहिली," वाचणारीनं पुढची ओळ वाचून सांगितलं.

"मग ठीक आहे," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी डबा उघडला.